पापड लाटल्याचे पैसे

अमळनेरच्या त्या गल्लीत रत्नाला कुणी आळशी म्हटलं असतं, तर बायांच्या हातून त्याची धडगत नव्हती. लखीचंदशेठच्या साडीच्या दुकानात ती सकाळी उभी राहायची, ती दुकान वाढवेपर्यंत. गिऱ्हाइकापुढे साड्यांचा ढीग उलगडायचा आणि एकही विकली गेली नाही तरी हसत हसत घड्या घालायच्या. नवरा दीपक सुरतेला लूमवर. दिवाळीला यायचा, चार दिवस झोपून काढायचा आणि परत जायचा. घरात उरली सासू, वच्छलाबाई. मोरीत घसरून पडली आणि कमरेखालून गेली ती गेलीच. जीभ मात्र शाबूत होती, आणि काय जीभ! "साड्या इकस अन् सोता चिंधी नेसस," असं सुनेला ऐकवायची आणि स्वतःच खो खो हसायची.

रत्ना कामावर गेली की या म्हातारीला बघणारं कोण? गल्ली! कुणी ठरवून दिलं नव्हतं, कुणी उपकाराची भाषा करत नव्हतं. शेजारची प्रमिलाबाई दुपारची भांडी उरकली की डोकवायची, पाणी पाजायची, कूस बदलून द्यायची. लताबाई ताक घेऊन यायची आणि ताकापेक्षा गप्पाच जास्त वाढायची.

पण रत्नाच्या जिवाला ते खायचं. आपल्या माणसाचं दुसऱ्यांनी किती दिवस करायचं? नोकरी सोडावी तर खायचं काय? म्हणून तिने नोकरी सांभाळून पापडांचा धंदा काढला. तो चालला की दुकान सोडायचं, सासूच्या खाटेशी पोळपाट मांडून बसायचं आणि दिवसभर तिच्या शिव्या खायच्या. बस, एवढंच तिला हवं होतं.

आता उडदाचे पापड काय एकट्या बाईने लाटायचे असतात? आमच्याकडे उन्हाळा लागला की बाया आपापलं पोळपाट-लाटणं काखेत मारून एकमेकींच्या घरी जातात. आज तुझे, उद्या माझे. घरवालीने चहा करायचा, आणि पापडाच्या पिठाच्या कच्च्या लाट्या तेलात बुडवून सगळ्यांनी हादडायच्या. त्या लाट्यांसाठी तर पोरीबाळी माहेर सोडून येतील. रत्नाने दुकानाच्या सुट्टीच्या दिवशी हाक मारली आणि सगळ्या आल्या. पापड वाळले, विकले गेले, पुन्हा मागणी आली. पुन्हा हाक मारली, पुन्हा आल्या.

हे तिने कौतुकाने शेठाणीला, धनकुंवरबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "रत्ना, फुकटात काम करून घेऊन विकायचं, हे बरं दिसत नाही. धंदा आहे, मजुरी देत जा." बाई वाईट बोलल्या नव्हत्या. रत्नालाही ते पटलं. पुढच्या खेपेला पापड लाटून झाले, तशी तिने एकेकीला हळदीकुंकू लावलं आणि हातात नोटा ठेवल्या.

प्रमिलाबाई नोटांकडे बघतच राहिली. "हाई काय वं?"

"तुमना कष्टना पैसा शेतस, अक्का."

प्रमिलाबाईने पैसे कनवटीला लावले, पोळपाट उचलला आणि निघाली. लाट्या ताटात तशाच राहिल्या. भांडण नाही, तंटा नाही. पुढच्या वेळी प्रमिलाबाई आलीच नाही. बाकीच्या आल्या, भाव विचारून बसल्या, मान खाली घालून लाटलं आणि पैसे घेऊन गेल्या. रत्नाला वाटलं, बरं झालं, कुणाचं मिंधेपण नको. अगं वेडे!

संध्याकाळी घरी आली की ती सासूला विचारायची, "आज कोनी उनं व्हतं का?"

"उन्यात ना, बठ्ठ्या उन्यात," म्हातारी म्हणायची. सगळ्या आल्या म्हणे! कुणी येत नव्हतं. पण ते सांगितलं, तर आपल्यापायी ही पोर धंदा गुंडाळून ठेवील, हे तिला ठाऊक होतं. रत्ना सकाळी तांब्या भरून उशाशी ठेवायची. म्हातारी तेवढं पाणी दिवसभर पुरवून पुरवून प्यायची.

मे महिन्यात धुळ्याच्या एका व्यापाऱ्याने बारा महिने माल घेतो म्हणून कबूल केलं. त्याच दिवशी रत्नाने लखीचंदशेठना सांगून टाकलं, "शेठ, महिनाअखेर मी सोडते." लग्नसराईची गर्दी, दुपारी जेवायलाही फुरसत नव्हती, पण तिला थकवा म्हणून जाणवला नाही. सासूला आवडतात म्हणून पाव किलो पेढे घेतले आणि ती जवळजवळ पळतच घरी आली.

गल्लीत दुपारपासून वीज नव्हती. पत्रे अजून तापलेले होते. वच्छलाबाई खाटेखाली पडली होती. तांब्या कलंडलेला, फरशी कोरडी, आणि एक हात माठाच्या दिशेने लांबवलेला. माठ भरलेला होता. अंगणात साडीवर घातलेले पापड कडक वाळले होते.

मग गल्ली आली. सगळी आली. न बोलावता बायांनी म्हातारीला आंघोळ घातली, दीपकला सुरतेला फोन लावला, रत्नाला धरून बसवलं. दुसऱ्या दिवशी सगळं आटोपल्यावर प्रमिलाबाई पिठलं-भाकरी घेऊन आली. रत्नाने ताट बाजूला सारलं. तिने एवढंच विचारलं, "अक्का, तिनी हाक बी मारी नही का वं?"

प्रमिलाबाई भाकरीचा तुकडा मोडू लागली.

"मारी व्हती. दोन-तीन दाव मारी. मी आयकी. माले वाटनं, आते तू बठ्ठासले पैसा देस, म्हातारीकरता बी पैसा दीसन कोनी बाई ठेई व्हई."

एवढं बोलून प्रमिलाबाईच रत्नाचा हात धरून हमसून रडायला लागली. रत्नाला तिला गप्प राहा म्हणवेना, आणि तिचा हातही सोडवेना.