सुमनच्या मोळीला हात कुणी लावला?

आधीच सांगते, माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. कधीच नव्हता. माझं माहेर मालवणकडचं. तिथे माणसांपेक्षा देवचार-भुतं जास्त, प्रत्येक वळणावर एकेकाचं ठिकाण. तरी मी भर दुपारी त्याच वळणांवरून एकटी शेण गोळा करत फिरायची आणि आईची बोलणी खायची. या सदरात इतर लोक जे लिहितात ते मी वाचते. पांढरी साडी, उलटे पाय, पैंजणांचा आवाज… वाचून हसू येतं. माझ्या गोष्टीत यातलं काही नाही. अंधारसुद्धा नाही. सकाळचे नऊ-साडेनऊ झाले होते आणि लख्ख ऊन पडलं होतं.

चाळीस वर्षं मी हे कुणाला सांगितलं नाही, कारण सांगायचं तर आधी स्वतःचा नीचपणा सांगावा लागतो.

आम्ही तेव्हा मुलुंडला राहायचो. पश्चिमेला, वस्ती संपून डोंगर सुरू होतो तिथे. दहा खोल्यांची बैठी चाळ, वर पत्रे. आमच्या एका खोलीत सासूबाई, मी, माझे मिस्टर, माझा धाकटा दीर आणि त्याची बायको सुमन. मिस्टर कापड गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होते. संप सुरू झाला तेव्हा म्हणाले, दोन महिन्यांचा प्रश्न आहे. मी सांगतेय ते संपाच्या दुसऱ्या वर्षातलं. मिस्टर घरी बसून होते. दीर साकीनाक्याला एका वर्कशॉपमध्ये लेथवर होता आणि त्याच्यावर घर चाललं होतं. एवढं सांगितलं की बाकीचं कळेल.

रेशनवर रॉकेल यायचं तेव्हा यायचं. स्टोव्ह फक्त चहापुरता. भात बाहेरच्या चुलीवर, आंघोळीचं पाणी बंबात. शिवाय मुंबईला थंडी नसते असं म्हणणारे लोक कधी पत्र्याखाली झोपलेले नसतात. डिसेंबर-जानेवारीत डोंगरावरून असा गारठा उतरायचा की सासूबाईंचे गुडघे धरायचे. त्यांच्या खाटेखाली निखाऱ्यांचं घमेलं ठेवावं लागायचं, नाहीतर सकाळी त्यांना उठवून बसवायला दोघं लागायची. म्हणजे लाकूड हवंच. वखारीतलं घेण्याची आमची ऐपत उरली नव्हती, म्हणून मी आणि सुमन आठवड्यातून दोन-तीनदा डोंगरावर जायचो. सुकलेल्या फांद्या कोयत्याने तोडायच्या, सारख्या लांबीच्या करायच्या, काथ्याच्या दोरीने आवळायच्या. फॉरेस्टवाला दिसला की कोयता पदराखाली. खाली आणलेली लाकडं मिस्टर दारात बसून फोडायचे. साच्यावर सूत जोडणारे हात ते, कुऱ्हाडीने सोलून निघाले होते.

आता एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण सगळं तिच्यावरच आहे. भरलेली मोळी एकट्या बाईला जमिनीवरून डोक्यावर घेता येत नाही. दुसरीने हात लावावा लागतो. डोंगरावर हा रिवाजच होता. ओळख असो नसो, भांडण असो, कुणी ‘हात लाव’ म्हणाली की लावायचा. मग शेवटी राहिली तिने काय करायचं? तर तिथे छातीइतका उंच एक कातळ होता. मोळी त्याच्यावर कलती करायची, खाली वाकायचं आणि एका हिसक्यात डोक्यावर ओढून घ्यायची. त्याला ओटीपोटातून जोर लागतो.

म्हणून आमचं ठरलेलं होतं. आधी मी सुमनला हात लावायची, मग माझी मी कातळावरून घ्यायची. कारण सुमनला पाचवा महिना होता. त्याच्या आधी दोनदा तिचं गेलं होतं. गरोदर बाईला लाकडांना का पाठवलं, असं आजच्या मुली विचारतील. दुसरं पाठवायचं कुणाला होतं?

त्या दिवशी सकाळी मिस्टर नेहमीसारखे दारात बसले होते. सुमन आतून म्हणाली, “भावोजी, स्टोव्हाक जरा पिन मारा. बसलेलेच आसास मा.”

एवढंच. आज मला वाटतं, तिच्या मनात काही नसेल. पण ते उठले, पिन शोधून मारली आणि परत दारात येऊन बसले. माझी मात्र तळपायाची आग मस्तकात गेली. सोळा वर्षांचे होते तेव्हापासून रात्रपाळ्या केलेला माणूस तो, आणि काल घरात आलेली ही पोरगी त्याला ‘बसलेले’ म्हणते…

डोंगरावर मी तिच्याशी बोललेच नाही. ती दोनदा काहीतरी बोलली, मी कोयता चालवत राहिले. मोळ्या बांधून झाल्यावर मी म्हटलं, “आज आदी माझी उचलून दी. कंबर धरल्यानी माझी.”

“होय, वैनी,” म्हणून तिने पोट सांभाळत माझ्या मोळीला हात लावला. मोळी चढली. मी चालायला लागले.

“वैनी… माका हात लाव मा जरा.”

मी चालत राहिले. तिने अजून दोनदा हाक मारली. तिसऱ्या हाकेत हसू नव्हतं. डोक्यावर मोळी असली की मान मागे वळवता येत नाही. मी उतरताना स्वतःला तेच सांगत होते, की मान वळत नाही. पाय वळतात, हे मला माहीत होतं.

घरी आले, मोळी टाकली. सासूबाईंनी विचारलं, “सुमन खंय?”

“येता मागसून.”

“गरवार बाईक एकटी सोडून इलंस?”

मिस्टर लाकडं फोडायला लागले आणि मी त्यांच्यासमोर बसून फोडलेल्या फाका रचत होते. बंब पेटवला. मनात उत्तरं तयार करत होते. ती मोळी अर्धी करून, रडत येणार, संध्याकाळी नवऱ्याला सांगणार, मग मी काय काय सुनावायचं ते. अर्धा तास गेला. मग उत्तरं सुचायची बंद झाली. मला तो कातळ दिसायला लागला, आणि त्याच्याखाली वाकलेली सुमन. बंबातलं पाणी उकळून वाफ यायला लागली तरी मी उठले नाही. भीती वाटत होती, खोटं सांगत नाही. पण परत गेले असते तर माझं चुकलं असं झालं असतं. एवढ्यासाठी मी बसून राहिले.

पाऊण तासाने सुमन आली. डोक्यावर अख्खी मोळी. दमलेलीसुद्धा वाटत नव्हती.

मिस्टर उठले आणि मोळी उतरवून घ्यायला गेले तर गुडघ्यात वाकले. “अगो, ही कोणी चढवली तुझ्या डोक्यार? दोन बाप्यांची मोळी ही.”

“वैनीन. दुसरा कोण?” सुमन हसली. “माझ्यार रागावली होती, फुडे गेली. पण इली परत.”

मिस्टरांनी माझ्याकडे पाहिलं. पाऊण तास मी त्यांच्यासमोर, चार हातांवर बसलेली. पायाशी रचलेल्या फाकांचा ढीग. सासूबाई आत खाटेवर, त्यांना दिसत नव्हतं. मी तोंड उघडलं, आणि बाहेर काय पडलं माहीत आहे? “पाणी तापलासा. आंघोळ करून घे.”

मोरीत मी तिच्या पाठीवर पाणी घालत होते तेव्हा ती म्हणाली, “वैनी, माझाच चुकला. भावोजींका तसा बोलूक नको होता. तू तसा म्हटलंस, तेव्हा माका लाज वाटली.”

“काय म्हटलंय मी?”

“तां मा… ‘चुकला माझा, सुमन.’ दोनदा म्हटलंस.”

हे शब्द मी आयुष्यात कुणाला म्हटलेले नाहीत. आईला नाही, नवऱ्याला नाही. माझ्या घरचे सगळे शपथेवर सांगतील. मी तांब्या बुडवत राहिले.

थोड्या वेळाने ती म्हणाली, “पण कांकणां कित्या काढलंस गो? मोकळे हात बघून माका कसासाच झाला.”

मी माझ्या हातांकडे पाहिलं. दोन्ही हातांत डझनभर हिरव्या बांगड्या, पाण्याने ओल्या. म्हटलं, उन्हात तुला नीट दिसलं नसेल.

पुढच्या दोन-तीन दिवसांत मी डोंगरावर जाणाऱ्या सगळ्या बायकांना आडून आडून विचारलं. त्या सकाळी तिथे कुणीच गेलं नव्हतं. बरं, दुसरी कुणी असती तरी सुमन मला ओळखत नव्हती का? मोळीला हात लावणारी बाई समोरासमोर उभी असते, तिचा श्वास तोंडावर येतो. तिला भोवळ आली आणि भास झाला म्हणावं, तर ती मोळी भासाने चढली? सासूबाईंना सांगितलं असतं तर त्या डोंगराच्या राखणदाराला नारळ देऊन मोकळ्या झाल्या असत्या. पण त्यांना सांगायचं म्हणजे मी तिला टाकून आले हेही सांगायचं. गप्प राहणं सोपं होतं.

सुमनला मुलगी झाली. दिवस भरून, ठणठणीत. त्याच मोळ्यांच्या लाकडांवर मी बाळंतिणीचं पाणी तापवलं. बारशाला सुमनने पोर आधी माझ्या मांडीवर दिली आणि चाळीतल्या बायकांना म्हणाली, वैनी त्या दिवशी परत इली नसती तर ह्या पोर आज नसता. बायका माझ्याकडे कौतुकाने बघत होत्या. मी ते कौतुक घेतलं. एकदा नाही, दर वर्षी घेतलं.

मिस्टरांनी एकदाच विचारलं, “त्या दिवशी तू माझ्यासमोर बसलेलंस मा?” मी “होय” म्हटलं. त्यांनी पुन्हा विषय काढला नाही, पण त्यानंतर माझ्याकडे बघताना ते जरा थांबून बघायचे. गिरणीत त्यांना परत घेतलं नाही. संप संपला असंही कुणी येऊन सांगितलं नाही, त्याचं सगळ्यांना नुसतं विस्मरण झालं. पुढे ते एका सोसायटीत वॉचमन होते. तिथेही खुर्चीवर बसायचंच काम. त्यांना जाऊन आता सात वर्षं झाली.

गेल्या महिन्यात मी सुमनकडे गेले. ती बोरिवलीला लेकीकडे असते. आता आमच्या दोघींचंही वय झालं, म्हटलं हे बरोबर घेऊन जायचं नाही. लेक कामाला गेली होती, सुमन खिडकीत लसूण सोलत बसली होती. मी बसले आणि सरळ बोलून टाकलं.

“सुमन, त्या दिवशी मी परत इलंयच नाय. तुझ्या मोळयेक हात लागलो तो माझो नव्हतो. मी घराकडे बसलेलंय. माका…”

पुढचे दोन शब्द घशाशी आले होते. खरंच आले होते. तिने लसूण खाली ठेवला आणि माझा हात धरला.

“ऱ्हवांदे गो. एकदा म्हटलंस मा. किती वेळा म्हणतलंस?”

“मी नाय म्हटलंय, सुमन…”

ती ऐकतच नव्हती. माझे दोन्ही हात धरून मनगटांकडे बघत होती. मिस्टर गेल्यापासून मी हातात काही घालत नाही.

“असेच होते,” ती म्हणाली, आणि परत लसूण सोलायला लागली.

वाचकांपैकी कुणी यातून काय तो अर्थ काढेल. मी काढत नाही, मला झेपत नाही. ती मीच होते असं म्हणायचं, तर डोंगर चढल्याचं मला आठवत नाही, आणि माफी मागून माणसाला हलकं वाटत असेल तर ते मला कधी वाटलेलं नाही. मी नव्हते म्हणायचं, तर मग कोण होतं? सुमनपुरतं ते केव्हाच मिटलं आहे. माझी माफी कुणीतरी माझ्या आधीच मागून गेलं, आणि मला ती मागायला मिळालीच नाही.