भरतीकरांचं घर

मी फार बोलत नाही. लॅबमध्ये शेजारच्या टेबलावर काम करणाऱ्यांना माझा आवाज ओळखता येईल की नाही, शंकाच आहे. पण रविवारी दुपारी बोईसरच्या एका भाड्याच्या खोलीत मी राजा व्हायचे, चेटकीण व्हायचे, एकदा तर बोलणारं झाडही झाले होते.

आम्ही चौघं तिथे एक खेळ खेळायचो. त्यात पट नसतो, सोंगट्या नसतात. एकजण जग रचतो आणि त्यातली सगळी माणसं बोलतो. बाकीचे एकेक पात्र घेऊन त्या जगात फिरतात. कुठे अडलं की वीस पैलूंचा फासा टाकायचा. जग रचणारी मी होते. खोली ज्याची होती तो बिहारचा, एका कारखान्यात शिफ्टमध्ये काम करणारा. दुसरा माझा कॉलनीतला लहानपणापासूनचा मित्र. आमच्या दोघांचे वडील वीज प्रकल्पाच्या नोकरीसाठी घाटावरून इकडे आले, त्यामुळे आम्ही इंग्रजी शाळेत, एकाच बसने. चौथी माझ्याच लॅबमधली, सातपाटीची, म्हणजे समुद्रावरच्या मच्छीमारांच्या गावातली. डब्याच्या सुट्टीत मी नकाशा काढत होते. तिने तो उलटा बघूनच विचारलं, "ही खाडी आहे ना?" आणि पुढच्या रविवारी ती आली.

या खेळात आयते वंश मिळतात. लांब कानांचे दीर्घायुषी, दाढीवाले बुटके, आणि हिरव्या कातडीचे रानटी, ज्यांना मारताना कुणाला वाईट वाटत नाही. मला ते नको होते. दोन-तीन महिने मी वहीत नवे लोक रचत होते. दीर्घायुषी लोकांना मी तिवरांत नेऊन ठेवलं. ते खाजणवासी. ते वय वर्षांत सांगत नाहीत, किती भरत्या पाहिल्या ते सांगतात. बुटके खाणीत राहतात, आणि दगडाला कान लावून तो कुठे फुटेल ते ओळखतात. त्या दिवसांत संध्याकाळी खाडीकाठून घरी येताना चिखलातून वर आलेली तिवरांची मुळं दिसायची आणि वाटायचं, हे सगळं इथेच होतं, मीच बघितलं नव्हतं. छाती भरून यायची.

रानट्यांचे मी भरतीकर केले. हिरवी कातडी काढली, होड्या दिल्या. भरतीबरोबर येतात, गाव लुटतात. मला वाटलं, मी त्यांच्यावर उपकारच केले.

त्यांना आवाज द्यायची वेळ आली तेव्हा मी घसा खरवडून ओरडले, "आमी येनार! तुमास्नी घेऊन जानार! तुमी वाचनार नाय!"

मित्र गादीवर लोळायला लागला. बिहारी म्हणाला, "अरे वा, मॅडम तो एकदम खूँखार!" लॅबमध्ये तोंड न उघडणारी मी, मला ते हसू इतकं आवडलं की पुढचे दोन रविवार भरतीकर जरा जास्तच वेळा आले.

सातपाटीचीही हसायची, ओठ मिटून. तिचं पात्र खाजणवासी पंडिता होतं आणि ती त्याच्या तोंडी इतकी शुद्ध भाषा घालायची की मला हेवा वाटायचा. "आपण आमच्या जलप्रदेशात कोणत्या हेतूने आलात?" असं ती न अडखळता विचारायची. एरवीही ती तशीच बोलायची, नीट, एकेक शब्द पुसून ठेवल्यासारखा.

तिसऱ्या रविवारी खेळ ऐन रंगात असताना तिचा फोन वाजला. आईचा होता. खोली एवढीशी, बाहेर जिन्यात पोरांचा गलका, म्हणून तिने भिंतीकडे तोंड करून तिथेच घेतला.

"हां आई, मी हाय बोईसरला... नाय, आमी आता निगतूच... जेवन झाकून ठेव. नाय गं, तुमी जेवा."

अर्धं मिनिटही नसेल. तिने फोन ठेवला, परत फिरली आणि आमच्या तोंडाकडे पाहिलं. कुणीच हसत नव्हतं, आणि न हसणंच वाईट होतं. माझ्या तोंडात अजून भरतीकरांच्या सरदाराचं अर्धं वाक्य होतं. ते मी गिळलं.

"खेळ ना," ती म्हणाली.

मी खेळवलं, पण त्या दिवशी पुन्हा एकही भरतीकर आला नाही. ती निघताना मी चपला शोधायचं नाटक करत खाली वाकून राहिले.

त्या आठवड्यात ती लॅबमध्ये माझ्याशी कामापुरतं बोलली. मी चार वेळा माफीचा मेसेज लिहिला आणि चारही वेळा पुसला. ती पुन्हा येणार नाही, याची भीती होतीच. पण तिने ते शुद्ध पुसलेले शब्द किती वर्षं, कुणाच्या हसण्याला घाबरून जमवले असतील, आणि आता त्या हसणाऱ्यांत मीही आहे, हे मला जास्त लागत होतं.

रविवारी ती आली. बसायच्या आधीच म्हणाली, "माझी पंडिता मेली असं समज. मला भरतीकर पाहिजे. सरदार."

"अगं, मी ते काढून टाकणार होते. सॉरी, मला खरंच..."

"काढतेस कशाला? सॉरीपण नको. पहिलं नीट बोलायला शीक." ती मांडी घालून बसली. "तुमास्नी! आमच्यात कोन बोलतं तुमास्नी? ते कुठनं आनलंस?"

मित्र मला म्हणाला, "खेळाच्या मास्तरीणबाई, आता बोला."

आणि मला कळलं ते कुठून आणलं होतं. बाबा घरात आमच्याशी अगदी पुस्तकी बोलतात. पण गावाकडून काकांचा फोन आला की ते गॅलरीत जातात, आणि तिथून ऐकू येतं, "तुमास्नी सांगतो दादा..." लहानपणी मैत्रिणी घरी आलेल्या असल्या की मी गॅलरीचं दार ओढून घ्यायचे. रानट्यांसाठी भाषा शोधताना मी तिच्या गावची थोडी उचलली होती आणि थोडी माझ्या बापाची.

हे मी त्या खोलीत मोठ्याने सांगितलं. इतकं सलग मी क्वचितच बोलले असेन.

तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "भाषेचं सोड. मला राग दुसऱ्याच गोष्टीचा आला. तुझे लोक नुसते येतात. घरी कधी जातच नाहीत."

मी वही चाळली. खाजणवाशांची बारा पानं होती. भरतीकरांचं एक, आणि त्यावर फक्त शस्त्रं.

"परतीचा रस्ता त्यांना कसा कळतो?" तिने विचारलं.

"होकायंत्र," मी म्हणाले.

ती खळखळून हसली. मग तिने माझा नकाशा जमिनीवर सरकवला, बिहाऱ्याची पाण्याची बाटली उचलून दूर कडेला ठेवली आणि किनाऱ्याच्या रेषेवर फासा ठेवला. "बाटली म्हणजे पालघरमागचा डोंगर. फासा म्हणजे गावातलं देऊळ. आता हितं डोकं टेकव."

मी फरशीला गाल टेकवला. बाकीचे दोघंही टेकले.

"दोन्ही वेगळे दिसतात ना? म्हणजे तू चुकलीस. सरक. अजून. डोंगर देवळाच्या बरोबर पाठी आला की खाडीचं तोंड समोर. माझा आजा असाच यायचा. पप्पांच्या बोटीवर आता मशीन हाय, तरी ते डोंगर बघतात. बायका जात नाय बोटीवर, पन मी चौथीत हट्टानं एकदा गेलेली. पानीच पानी. आनि पप्पा बोलले, तो बघ, आपला डोंगर."

मी फरशीवरून हळूहळू सरकत होते. बाटली फाशामागे गेली, दोन्ही एक झाली. ज्या डोंगराखालून मी मनोरला जाताना बसमध्ये पेंगायचे, तो तिकडे समुद्रात कुणाला तरी घराचं दार दाखवत होता. माझ्या जगात समुद्रावरचे भरतीकर आणि डोंगरातले बुटके एकमेकांचे वैरी होते. मी ती ओळ खोडली.

"हमको भी होड़ी में लो," बिहारी म्हणाला. "क्या बोलना है? आमी आला?"

"आमी आलो. तू एकटा हायेस का?"

मग ती सरदार झाली. उसनी पंडिता नाही, ओरडणारा रानटीही नाही. धुक्यात तीन होड्या होत्या आणि ती तिच्या आईच्या भाषेत, आवाज न चढवता, एकेकाला सांगत होती, कुठे वल्हं थांबवायचं, कुठे नुसतं ऐकायचं. खोलीतला पंखासुद्धा कुणाला ऐकू येत नव्हता. माझ्या जगात काय होणार ते पहिल्यांदाच मला माहीत नव्हतं.

धुकं विरलं. होड्या वाळूला लागल्या. ती माझ्याकडे वळली.

"किनाऱ्यावर म्हातारी उभी हाय. ती काय बोलते?"

म्हातारीचा आवाज मलाच द्यायचा होता. भरतीकरांची भाषा मला येत नव्हती, आणि खोटी मला आता काढायची नव्हती. मी घसा खरवडला नाही. गॅलरीतला आवाज आठवला आणि हळू म्हणाले, "आलासा व्हय रं पोरांनो? कवाधरनं वाट बघतीया. लई उशीर केलासा."

मित्राने झटकन माझ्याकडे पाहिलं. त्याच्याही घरात हीच बोली होती.

सातपाटीचीने डोळे बारीक केले. "ही आमच्यातली नाय. कुठली ही?"

"घाटावरची," मी म्हणाले. "लग्न होऊन इकडे आलेली."

ती जरा वेळ विचार करत राहिली, खरोखरच एखाद्या सरदाराने करावा तसा.

"घाटीन हाय होय," ती म्हणाली. "मग चालेल. म्हातारे, बाजूला हो. होडी वर घ्यायचीय."