आईच्या खोलीतला वायरमन

बाबा गेले तेव्हा आईला नेमकं काय सांगायचं, यावर आम्हा बहीणभावांचं एकमत होईना. नवरा गेला म्हणावं, तर तिच्या लेखी नवरा कामावर गेला होता आणि अजून यायचा होता. वायरमन गेला म्हणावं, तर आपल्याच बापाला वायरमन म्हणून निरोप द्यायचा, हे दादाला पटेना. बाहेर माणसं जमली होती आणि आम्ही दोघं स्वयंपाकघरात दबक्या आवाजात भांडत होतो. वहिनी तेवढी म्हणाली, आधी आईंना चहा तरी द्या.

हे असं कसं झालं ते नीट सांगायला हवं, नाहीतर ऐकणाऱ्याचा आमच्यापेक्षा जास्त गोंधळ उडेल.

बाबा खरोखरच वायरमन होते. नव्या इमारतींचं वायरिंग करण्यात त्यांची उभी हयात गेली. कुठेही गेले की भिंतीवर तळहात टेकवून आत वायर कुठून गेली असेल ते सांगायचे. अंदाज बहुतेक वेळा बरोबर निघायचा, आणि चुकला की त्या भिंतीवरच चिडायचे. संध्याकाळी केसांत सिमेंटची धूळ घेऊन थेट घरी. बाहेर कुठे रेंगाळणं त्यांना जमायचंच नाही. दादा म्हणजे फेज, मी न्यूट्रल आणि आई अर्थिंग, असं ते पाहुण्यांना सांगायचे. ती आहे म्हणून या घरात कुणाला शॉक बसत नाही, म्हणायचे. आई हसायची नाही, पण ऐकायला मात्र जवळ येऊन उभी राहायची.

शिडीवर चढल्यावर गरगरायला लागलं तेव्हा त्यांनी मुकाट्याने काम सोडलं. आता आईबरोबर रोज फिरायला जायचं, असं ठरलं होतं. पण तोवर आईचंच काहीतरी बिनसायला लागलं होतं. आधी गॅस चालू राहायचा, मग शब्द सापडेनात, मग माणसं. डॉक्टरांनी औषधं दिली आणि फार आशा ठेवू नका, असंही सांगितलं. एका दुपारी तिने वहिनीला बाजूला घेऊन विचारलं, हे गृहस्थ आपल्याकडे किती दिवस राहणार आहेत? गृहस्थ समोरच बसून वाटाणे सोलत होते.

त्यानंतर तिने त्यांना खोलीत येऊ देणंच बंद केलं. परका पुरुष आत कशाला, म्हणून दाराला आतून कडी. बाबांचं अंथरूण बाहेरच्या खोलीत आलं. तिच्यावर ते एकदाही रागावले नाहीत. नुसते येता-जाता त्या बंद दाराकडे बघायचे.

पुढचं सगळं योगायोगाने झालं. आईच्या खोलीतला दिवा गेला. दादा घरी नव्हता, म्हणून बाबांनीच जुनी पिशवी काढली आणि दार वाजवलं. हातात टेस्टर बघून आईचा चेहरा खुलला.

"या वायरमन," ती म्हणाली. "कधीपासून निरोप देतेय."

तिने त्यांना चढायला स्टूल दिलं. दिवा बदलून झाला तरी ती बोलत राहिली, आणि बाबा स्टुलावरून खाली उतरायचं विसरून ऐकत राहिले.

दुसऱ्या दिवसापासून त्यांचा नेमच झाला. नाश्ता झाला की पिशवी घ्यायची, मागच्या दाराने बाहेर पडायचं, इमारतीला वळसा घालून पुढच्या दाराची बेल वाजवायची. वहिनी दार उघडून आत सांगायची, वायरमन आलेत. मग ते एखादा स्विच खोलून परत बसवायचे, पंख्याच्या पात्याला हात लावून गंभीरपणे मान हलवायचे. जन्मभर जिला अगंतुगं केलं, तिला ते आता "तुम्ही" म्हणत होते. दादाला हे बघवत नसे. आपण आजारी माणसाला फसवतोय, असं त्याचं म्हणणं. मला ते पटायचं. मग आईच्या खोलीतून हसण्याचा आवाज आला की तेच म्हणणं मला पटेनासं व्हायचं.

बाबांची पंचाईत वेगळीच होती. आई त्यांच्याकडे त्यांच्याच तक्रारी करायची. आमचे हेसुद्धा वायरमन, पण घरचा पंखा मेला तरी यांना सवड नाही, असं सांगायची. एकदा म्हणाली, स्वयंपाकघरात मला खिडकी हवी होती. ओट्यासमोर उभं राहून बाहेरचं काही दिसलं असतं. पण यांनी तिथेच मेन बोर्ड बसवला आणि इतके खूश होते की माझ्याच्याने बोलवलं नाही.

त्या दिवशी बाबा माझ्या घरी आले.

"मला ती कधी बोलली नाही," ते म्हणाले. "मग त्या वायरमनला का सांगितलं?"

त्यांना त्या वायरमनचा हेवा वाटत होता की त्याचे आभार मानायचे होते, मला कळेना. बहुधा त्यांनाही कळत नव्हतं. मी म्हटलं, बाबा, तो वायरमन तुम्हीच आहात. ते हो म्हणाले, पण असं, जणू मी कुणा तिसऱ्याची ओळख करून देत होते.

नंतर एक दिवस मी आईच्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत होते. बाबा बोर्डाचा स्क्रू पिळत होते. आईने सहज विचारलं, "तुमच्या घरी कोण असतं?"

बाबांचा हात थांबला. "बायको असते," ते म्हणाले. "तिला हल्ली बरं नसतं."

"मग इथे काय करताय?" आईचा आवाज चढला. "रोज उठून दुसऱ्याच्या घरचे स्विच बघत बसता. घरी जा. तिच्याजवळ बसा जरा."

बाबांनी हत्यारं पिशवीत भरली, बरं म्हणाले आणि बाहेर आले. मी मागोमाग गेले, तर ते दोन खोल्यांच्या मधल्या बोळात उभे होते, पिशवी छातीशी धरून. पुढच्या दाराकडे दोन पावलं गेले, परत फिरले. मी त्यांना दंडाला धरून खुर्चीवर बसवलं. त्यांनी पाणी मागितलं आणि आणल्यावर ते प्यायचं राहूनच गेलं.

दुसऱ्या दिवशी मात्र त्यांनी पुन्हा बेल वाजवली. आईने बायकोची चौकशी केली. बरी आहे, असं सांगून ते कामाला लागले.

असंच चालू असताना एका दुपारी ते झोपले ते उठलेच नाहीत. चेहऱ्यावर त्रासाची खूण नव्हती. आणि आम्ही स्वयंपाकघरात भांडत उभे राहिलो.

शेवटी दादाच चहा घेऊन आत गेला. तिच्या पायाशी बसून म्हणाला, "आई, बाबा गेले." त्याला रडू फुटलं. मग तिने बाबांना त्या लाडक्या नावाने हाक मारली, जे आमच्या लहानपणी कधी भिंतीपलीकडून कानावर पडलं असेल तेवढंच, आणि ती रडली. अगदी भानावर असलेलं माणूस रडतं तशी. थोड्या वेळाने डोळे पुसून तिने विचारलं, चहा गार झाला का?

दादा म्हणतो, तिला कळलं होतं. वहिनी म्हणते, दादाला रडताना बघून ती रडली. मला विचाराल तर, खरंच सांगता येणार नाही.

आता मी दुपारी तिच्याजवळ बसते. हल्ली ती एकच गोष्ट सांगते. इमारत अजून बांधून व्हायची होती, राहायला कुणी आलं नव्हतं. तेव्हा तिला जिन्याने वरपर्यंत नेऊन त्याने तिच्याकडून बटण दाबून घेतलं आणि सगळा मजला एकदम उजळला. आम्ही बहीणभावांनी ही गोष्ट आधी कधी ऐकलेली नाही. मी परवा विचारलं, तुला वर कोण घेऊन गेलं होतं, बाबा की वायरमन?

"मध्ये मध्ये बोलू नकोस," आई म्हणाली, आणि जिना पुन्हा पहिल्या पायरीपासून सांगायला लागली.