माझ्या हातची ओटी

शालू तापाने फणफणली होती तेव्हा मी एकविरेला हात जोडले नाहीत, तिच्याशी भांडले. नवरा नेलास, आता एवढी एक पोर उरली आहे, तिच्याकडे वळून बघू नकोस, असं तिला चक्क सुनावलं. डॉक्टरांनी विषमज्वराचं औषध सुरू केलं होतं, पण खात्री ते देत नव्हते. घाटकोपरच्या आमच्या दोन खोल्यांवर पत्रे होते आणि वैशाखात ते असे तापत, की पोरीचं अंग तापाने पोळतंय की पत्र्याने ते कळू नये. अशाच एका दुपारी भांडता भांडता मी बोलून गेले, ही वाचली तर कार्ल्याच्या डोंगरावर येऊन माझ्या हातांनी तुझी ओटी भरीन. विधवेने ओटी भरायची नसते, हे तेव्हा माझ्या डोक्यातही आलं नाही.

शालू वाचली आणि मग घरात वाद सुरू झाला. मी शाळेत शिकवत होते, पण राहत होते भावाकडे. आईही तिथेच. तीही माझ्यासारखीच, भर तारुण्यात विधवा झालेली. ती म्हणाली, "ओटी वहिनी भरेल. तू बाहेरून नमस्कार कर, पोचतो."

"बोलले मी, तर भरीनही मीच."

"जगाची रीत तुझ्यासाठी बदलायची का?"

"जगाला बोललेच नव्हते मी."

बरेच दिवस ही धुसफूस चालली. शनिवारचं अर्ध्या दिवसाचं ऑफिस उरकून लोणावळ्याला हवा खायला जायचं खूळ तेव्हा दादाच्या मित्रांत नवीन होतं. शेवटी दादाच म्हणाला, सगळे जाऊ, रविवारी तुम्ही बायका कार्ला करून या, ओटीचं तिथे बघू. आई आली नाही. निघताना खण-नारळाची पिशवी तिने वहिनीच्या हातात दिली, माझ्या नाही.

लोणावळ्याला शालूने त्या रात्री पांघरूण मागितलं. घाटकोपरच्या उकाड्यातून आलेल्या मला त्याचं केवढं सुख वाटलं. पण मनातला राग काही गेला नाही. सकाळी दादा मित्रांबरोबर पत्ते कुटत बसला आणि आम्ही तिघी टांग्याने कार्ल्याला निघालो. पायथ्याशी उतरलो तर वहिनी एका दगडावर बसली, उठेना. हळूच म्हणाली, "वन्सं, माझी अडचण आली. वेळ नसताना आली. आता मला वर येता यायचं नाही."

मला हसूच फुटलं. एकीला कपाळी कुंकू नाही म्हणून बंदी, दुसरीच्या कपाळी आहे तरी तिला बंदी. देवी स्वतः बाईमाणूस, तिला हे कोणी विचारलं होतं का? वहिनीने पिशवी माझ्यापुढे धरली. म्हणाली, "तुम्हीच जा. मी आईंना सांगेन मीच भरली."

"खोटं नको, वहिनी. वन्संनी भरली असंच सांगायचं."

कोणी याला योगायोग म्हणेल. त्याच्याशी मला वाद घालायचा नाही. पिशवी माझ्या हातात आली, एवढं खरं.

उन्हातून शालूला कडेवर घेऊन मी डोंगर चढले. अशक्त पोर, पण कडेवर चांगलीच जड लागत होती. रागाच्या भरात दम लागल्याचंही जाणवलं नाही. वर मला कोणीही अडवलं नाही. पण देवीसमोर उभी राहिले आणि माझेच हात थांबले. सगळ्या घराशी भांडलेली मी, तिथे मला नारळ पुढे करवेना. इतक्या वर्षांचं ऐकलेलं हातापायांत मुरलेलं होतं. देवीने रागावून पोरीला काही केलं तर, हे भय तेव्हा पहिल्यांदा वाटलं.

मागे एक कोळीण उभी होती, अंबाड्यात अबोलीची वेणी घातलेली. तिने माझ्याकडे पाहिलं, शालूकडे पाहिलं. म्हणाली, "भर गो बाय. आई काय तुजा कपाल बगाला बसलीय? पोर बगतेय ती."

मी ओटी भरली. मग मोठ्याने रडले, लाज न बाळगता. बाहेर आल्यावर तिने शालूच्या हातावर खोबऱ्याचा तुकडा ठेवला, खारदांड्याची आहे एवढं सांगितलं आणि आपल्या माणसांत निघून गेली. ती मला पुन्हा कधी दिसली नाही, पण तिच्या तोंडून कोण बोललं याविषयी माझ्या मनात शंका नाही. शरण जाणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. देवीशी असलेलं माझं भांडण तिथे मिटलं. तिच्या आणि माझ्या मध्ये उभं राहणाऱ्यांशी ते आजही चालू आहे आणि ते मिटवायला तिने मला कधी सांगितलेलं नाही.

घरी आईने वहिनीला विचारलं, "भरलीस?" वहिनीने मान खाली घातली. मी म्हटलं, "मी भरली." आईने प्रसादाला हात लावला नाही. पुढे कितीतरी दिवस ती माझ्याशी कामापुरतंच बोलली.

पुन्हा वैशाख आला, पत्रे तापले, दादाने लोणावळ्याचा विषय काढला. आई तांदूळ निवडत बसली होती. सुपातली नजर वर न करता मला म्हणाली, "यंदा मलाही ने. लहानपणी तुला देवी आल्या होत्या तेव्हा मी एक ओटी बोलले होते. तुझे वडील नव्हते, म्हणून तुझ्या काकूने भरली. ती माझी नव्हती गं."

दुसऱ्या दिवशी शाळेतून येताना मी दोन खण घेऊन आले.