कांद्याच्या वाफ्यावरची दुपार

आमच्या बारामतीच्या मंडळात मी एकदा एक तक्ता नेला होता. खाकी कागदावर शाळेच्या रंगीत खडूंनी काढलेला, सात पायऱ्यांचा जिना. सगळ्यात खाली माती आणि दगड. त्यावर झाडंझुडं, मग किडामुंगी, मग गुरंढोरं. पाचव्या पायरीवर मी लिहिलं होतं, ‘पोटापुरता जागा झालेला माणूस’. सहावीवर ‘विचारी माणूस’. सातवीवर शब्द नव्हताच, नुसतं पिवळं वर्तुळ. जाणीव मातीतून निघून कशी एकेक पायरी चढत आली आणि पुढं कुठं जाणार, हे मी तासभर समजावून सांगितलं. पाचव्या पायरीवर कोण येतं, असं कुणीतरी विचारलं. मी म्हणालो, ‘शेतकरी, मजूर, आपल्या घरातल्या बायका.’ सगळ्यांनी माना डोलावल्या. मी स्वतःला सहावीच्या अगदी वरच्या काठावर समजत होतो, पण ते बोललो नाही. तेवढा विनय माझ्या अंगी होता.

आज तो तक्ता आठवला की कानशिलं तापतात.

एकोणीसशे तीसनंतरची ती वर्षं. मी बारामतीच्या एका शाळेत मास्तर होतो आणि राहायला सांगवीला, आमच्या घरी. रोज सायकलवर येजा. घरात आई, शेती बघणारे चुलते, ज्यांना सारा गाव तात्या म्हणायचा, आणि माझी बायको. आमच्या सात पिढ्यांत शाळेची पायरी चढलेला मी पहिलाच, त्यामुळं घरातही मी पुस्तकातली भाषा बोलायला लागलो होतो. दर रविवारी दुपारी एका वकिलांच्या माडीवर आम्ही सहा-सातजण जमायचो. समाधी, साक्षात्कार, मनाच्या पलीकडची अवस्था, यांवर बोलून बोलून आमचे घसे कोरडे पडायचे. मग चहा व्हायचा.

मंडळात ठरलं होतं, की प्रत्येकानं रोज पहाटे अर्धा तास डोळे मिटून बसायचं. मी ओसरीवर घोंगडी टाकून बसायचो. जात्याच्या घरघरीनं माझं ध्यान मोडतं, असं मी बायकोला एकदाच सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून ती दळणाची पाटी डोक्यावर घेऊन शेजारच्यांच्या जात्यावर जायला लागली. का, कशासाठी, काही विचारलं नाही. हातातल्या बांगड्याही कोपरापर्यंत सारून ठेवायची, वाजू नयेत म्हणून. घर असं चिडीचूप व्हायचं आणि मी त्या शांततेत शाळेतल्या भांडणांचा विचार करत बसायचो.

ती इंदापूरकडची. तिच्या माहेरी पाणी म्हणजे दोन मैलांवरून डोक्यावर यायची वस्तू. आमच्याकडं कालव्याचं पाणी पाटानं थेट रानात येतं, हे तिला लग्नानंतर कितीतरी दिवस खरं वाटत नव्हतं. पाण्याची पाळी आली की काहीतरी निमित्त काढून ती रानात जायची आणि बांधावर उभी राहून बघायची. तात्या म्हणायचे, ‘ह्या पोरीला पाणी दावलं की ही भाकरी इसरती.’

पाळी म्हणजे काय, ते कालव्यावरच्या माणसाला सांगायला नको. आपल्या वाट्याचे तेवढे तास पाणी आपलं. त्या वेळात एकानं खोरं घेऊन दारं धरायची. म्हणजे एक वाफा भरला की त्याचं तोंड मातीनं बंद करायचं, पुढच्याचं फोडायचं. जरा नजर हलली की वाफा फुटतो, पाणी भलतीकडं जातं. गावात एक रीत होती. दारं धरताना जो झोपला, त्याच्या हाती पुन्हा खोरं द्यायचं नाही. भांडण नाही, दंड नाही, फक्त खोरं नाही. चांगले मिशाळ गडी त्या एका डुलकीपायी जन्मभर चेष्टेचे धनी झालेले मी पाहिले होते.

त्या शनिवारी शाळा सकाळची होती. जेवून मी उद्याचं व्याख्यान लिहायला बसलो होतो. तात्यांच्या टाचेत बाभळीचा काटा मोडला होता, पाय सुजून टम्म झालेला. ते म्हणाले, ‘गुरुजी, आज कांद्याची दारं तुमी धरा.’ रागावले की ते मला गुरुजी म्हणायचे. मी कागदावरून डोकं न काढता म्हणालो, ‘मला महत्त्वाचं काम आहे.’ बायको दारातच उभी होती. तिनं भिंतीला टेकवलेलं खोरं उचललं आणि म्हणाली, ‘मी जाते की.’ तिच्या आवाजातला आनंद मला तेव्हा ऐकू आला होता. तरी मी मान वर केली नाही.

तासाभरानं शेजारचे आबा आरडाओरडा करत आले. आमचा वाफा फुटून पाणी त्यांच्या खळ्यावर गेलं होतं आणि तिथं वाळत घातलेल्या साऱ्या मिरच्या भिजल्या होत्या. पण आबा मिरच्यांवरून ओरडत नव्हते. ते घाबरले होते. ‘मास्तर, आदी रानात चला. सूनबाई बांदावर बसलीया. डोळं उगडं हायती. तीनदा हाक मारली, पर वळून बघंना.’

मी हातातला टाक घेऊनच धावलो. मागून आई, तात्या लंगडत, आणि वाटेतली चार माणसं.

ती बांधावर बसली होती. पाय पाण्यात, खोरं मांडीवर आडवं. पाणी तिच्या पायांवरून शेजारी वाहत होतं. मी सगळ्यांच्या आधी पोचलो आणि खांद्याला धरून हलवलं. तिनं माझ्याकडं पाहिलं. इतक्या शांतपणे माझ्याकडं आजवर कुणी पाहिलेलं नाही. दचकली नाही, पदर सावरला नाही. सगळ्या गावादेखत नवऱ्याचा हात कधी न धरणारी ती बाई, तिनं माझं मनगट धरलं आणि हळू आवाजात बोलायला लागली.

‘अवो, ऐका ना. पाणी वाफ्यात शिरत हुतं. मी बघत हुते. मग बघणारं कुणी ऱ्हायलंच न्हाय. पाणी हाय, कांदा हाय, वर घार फिरतीया, आन् समदं एकच हाय. मी कुठंच न्हाय. पर कायसुदीक कमी न्हाय.’

मग ती हसली आणि म्हणाली, ‘ह्याला काय म्हंत्यात, तुमाला ठावं असंल. तुमी वाचताय न्हवं?’

मला ठाऊक होतं. त्याला काय म्हणतात, हे मला मराठीत, संस्कृतात आणि इंग्रजीत ठाऊक होतं. सात पायऱ्यांचा जिना काढून मी त्याची वाट पाहत बसलो होतो. आणि मी तिला म्हणालो, ‘गप बस.’

कारण तोवर आई पोचली होती. तिनं सुनेच्या चेहऱ्याकडं एकदा पाहिलं आणि हात जोडले. ‘बाईचं वारं आलंया माज्या सुनंला. पळा रं, हळदीकुंकू आणा!’ एक म्हातारी तर तिच्या पायांवर डोकं ठेवायला वाकलीसुद्धा. मला पुढचं सगळं दिसलं. मंगळवारी दारात रांग, बायकोचे केस मोकळे, कपाळभर मळवट, आणि बारामतीत वकिलांच्या माडीवर कुणीतरी हळूच म्हणतंय, मास्तरांच्या घरात अंगात येतं म्हणे. अंगात येण्यावर मी शाळेत पोरांपुढं केवढी आग पाखडायचो. तिचं म्हणणं खरं की खोटं, हा प्रश्न मला त्या घटकेला पडलाच नाही. लोक काय म्हणतील, एवढाच पडला.

मी मोठ्यानं म्हणालो, ‘वारं नाही आणि काही नाही. तिला झोप लागली होती.’

सगळे थांबले. मी तिच्याकडं वळलो. ‘सांग ना त्यांना. झोप लागली होती ना तुला?’

तिनं माझ्याकडं पाहिलं. मनगटावरचा हात सोडला. पदर डोक्यावर घेतला.

‘व्हय,’ ती म्हणाली. ‘झोप लागली हुती.’

आबांचा जीव भांड्यात पडला आणि लगेच मिरच्या आठवल्या. ते वाटेल तसं बोलले. आई हिरमुसून घरी गेली. तात्यांनी पुढं होऊन तिच्या मांडीवरचं खोरं उचललं. त्या वेळी मी रीतच विसरलो होतो, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आलो. विसरलो नव्हतो. मला ती रीत त्या क्षणी क्षुल्लक वाटली, एवढंच.

एवढ्यावर थांबलं असतं तरी मी कदाचित हे लिहायला बसलो नसतो. दुसऱ्या दिवशी रविवार. माडीवर माझं व्याख्यान रंगत नव्हतं. वकीलसाहेब जांभई दाबत होते. तक्त्यातल्या पिवळ्या वर्तुळाकडं बोट दाखवून मी काहीतरी सांगत होतो, आणि तोंडातून निघून गेलं, ‘तिथं पाहणारा उरत नाही. आणि तरीही काहीच कमी होत नाही.’

वकीलसाहेब पुढं सरकून बसले. ‘मास्तर,’ ते म्हणाले, ‘हे अनुभवाशिवाय बोलता येत नाही.’

मी खाली पाहिलं. लोकांना तो विनय वाटला. त्यानंतर मंडळात माझा शब्द प्रमाण झाला. इंदापूरहूनसुद्धा दोघेजण मला ऐकायला आले. मी ते वाक्य पुढं अनेकदा वापरलं. एका कष्टकरी बाईचा ऐवज मी भर दुपारी उचलला आणि त्यावर मोठा झालो.

तिच्या हाती खोरं पुन्हा आलं नाही. एकदा पाळीच्या दिवशी तिनं तात्यांना विचारलं, ‘मामा, आज मी धरू का दारं?’ तात्या मायेनंच म्हणाले, ‘नगं पोरी, पुन्यांदा डोळा लागंल.’ ती घरात येऊन भाकरी थापायला लागली. मी ओसरीवर होतो. मला फक्त एवढंच म्हणायचं होतं, ‘तात्या, त्या दिवशी ती झोपली नव्हती.’ सहा शब्द. ते तोंडाशी येऊन परत गेले. हळूहळू तिनं पाळीला रानात जायचंच सोडलं. जेवण द्यायला गेली तरी पाटाकडं पाठ करून बसायची.

मी मात्र बसत राहिलो. सहा-सात वर्षं, रोज पहाटे. गुडघे धरले. श्वास मोजले, मोजणं सोडलं, पुन्हा मोजले. काही आलं नाही. एखादी डुलकी आली, तेवढीच. मंडळही पुढं पांगलं. वकीलसाहेब पुण्याला गेले. तक्ता माळ्यावर उंदरांनी खाल्ला. मला वाईट वाटलं नाही.

त्या दशकाच्या अखेरीला आम्ही दोघं तिच्या माहेरी, इंदापूरला गेलो होतो. भुईमूग निघाला होता. दुपारी अंगणात लिंबाखाली ती वेलाच्या शेंगा तोडत बसली होती आणि मी तिच्यासमोर. आसपास कुणी नव्हतं. मी मनाचा हिय्या केला.

‘मी इतकी वर्षं बसतोय,’ मी म्हणालो. ‘मला काही मिळालं नाही. तुला त्या दिवशी मिळालं होतं. मी लोकांना भ्यालो आणि तुला खोटं बोलायला लावलं. तुझंच वाक्य बारामतीत माझं म्हणून सांगितलं. मला माफ कर. आणि ते काय होतं, मला एकदा सांग.’

तिचे हात थांबले. ती माझ्याकडं बघत राहिली, मला कसली चूक आठवून त्रास होतोय, ते शोधत असल्यासारखी.

‘कंच्या दिशी?’

‘कांद्याची दारं धरत होतीस. आबांच्या मिरच्या भिजल्या.’

‘ते व्हय!’ ती हसली आणि ओंजळभर शेंगा माझ्यापुढं सारल्या. ‘आवो, तवा झोप लागली हुती मला. समद्यांदेखत तुमीच न्हाय का सांगितलं?’

मी तिच्या तोंडाकडं पाहिलं. थट्टा नव्हती. रागही नव्हता. तिला ते खरंच वाटत होतं.