चुलाण्यामागची भेग

निजामाचं राज्य जाऊन तीन वर्षं झाली होती. पहिल्या बाळंतपणाला मी माहेरी आले, बोरीजवळच्या आमच्या खेड्यात. माझ्यासाठी ठरवलेल्या खोलीत पाणी तापवायचं मोठं चुलाणं भिंतीला लागून बांधलेलं होतं. चुलाणं आणि भिंत यांच्यामध्ये, अगदी जमिनीलगत, दोन बोटं शिरतील एवढी भेग होती. आदल्याच आठवड्यात तिथून निघालेला विंचू आईनं चपलेनं मारला होता. ऊब मिळावी म्हणून बाळ त्याच भिंतीशी निजणार होतं.

"आबा, आधी ती भेग बुजवा, मग चुना मारा," मी वडिलांना सांगितलं.

त्यांनी बुजवली. पण कशानं? आमच्या शेतातल्या काळ्या मातीनं! भिंतीसाठी सगळं गाव जुन्या गावठाणातली पांढरी माती आणायचं. भुसा घालून दोन दिवस भिजवली की ती घट्ट बसते. काळी माती वाळली की तडकते, हे जन्मभर ती नांगरणाऱ्या माणसाला मी काय सांगणार! पण आबांना आपल्या काळीचा भारी गर्व.

"सोन्यावानी माती हाय आपली. लोकांनी तुडवलेली पांढरी कशाला आणायची?"

तिसऱ्या दिवशी भेग होती तिथंच. आबांनी पुन्हा काळीच थापली आणि ती ओली असतानाच वरून चुना ओढला. खोली लख्ख दिसायला लागली. शेजारच्या बायका वाखाणून गेल्या. माझं मात्र डोकं फिरलं, कारण चार दिवसांत त्या पांढऱ्याशुभ्र भिंतीच्या पायथ्याशी काळी रेघ उमटली.

"आबा, पुन्हा तडकायलीय."

"चुना वाळायलाय गं बाई. उगं फिकीर करायलीस."

"आत विंचू असंल तर?"

"काय बी न्हाई आत. हे बघ!" म्हणत ते खाली बसले, सुटलेलं ढेकूळ उपटलं आणि दोन बोटं थेट भेगेत घातली.

विंचू आत होता.

दोन दिवस आबा हात सुजवून, घामानं निथळत बाजेवर पडून होते. मी रडत होते आणि रडता रडता चडफडत होते. शेवटी गड्याकडून पांढरी आणवली, नवव्या महिन्याचं पोट सांभाळत मीच मळली आणि भेगेत ठासून भरली. आबा पडल्या पडल्या बघत होते.

"भुसा कमी पडला," एवढंच म्हणाले.

मला मुलगी झाली. नातीचा डंख आजोबानं आपल्या हातावर घेतला, असं आई पुढं येईल त्याला सांगायची. ऐकणाऱ्यांचे डोळे भरून यायचे आणि मी तणतणत आत निघून जायचे. टोपलंभर पांढरी वेळेवर आणली असती, तर तो डंख कुणालाच सोसावा लागला नसता. हे आबांना एकदा तोंडावर सुनवायचं होतं. पण लेक चालायला शिकली ती त्यांची तीच दोन बोटं धरून, आणि माझं बोलायचं राहूनच गेलं.