गोमाजीने अडवलेलं पाणी

“पानी कोनाला इचारून येत नय,” गोमाजी भोईर म्हणायचा. जेवताना म्हणायचा, मर्तिकाहून परतताना म्हणायचा, मांडवात नवरदेवाच्या कानाशी लागून म्हणायचा. बाळकुम गावात त्यावर कुणी हसत नसे. खाडीच्या अंगाला ज्यांची खाचरं नि मिठागरं, त्यांना ठाऊक असतं की गाव आणि खाडी यांच्यामध्ये फक्त एक मातीचा बांध आहे. उधाणाचं पाणी त्याला ढुशा देतं, खेकडे त्याला बिळं पाडतात, आणि एखाद्या भर दुपारी तो फुटतो. फुटलेल्या जागेला म्हणतात खांड.

खांड पडलेली दिसली की दिसणाऱ्याने हाळी द्यायची, आणि ऐकणाऱ्याने हातातलं टाकून धावायचं. ताटावरून उठायचं, भांडणातून उठायचं. कोर्टात एकमेकांचं तोंड न बघणारे भाऊ त्या घटकेला एकाच रांगेत उभे राहून चिखलाची ढेकळं पुढे सारायचे. जो धावला नाही, त्याच्या चुलीतला विस्तव वर्षभर कुणी नेत नसे. आणि माती येईपर्यंत, जो आधी पोचला त्याने काय करायचं? खांडीत पाण्याकडे पाठ करून बसायचं. आपणच बांध व्हायचं. गोमाजी उभ्या आयुष्यात तीनदा असा बसला होता. तिसऱ्या वेळी मातीचं पहिलं ढेकूळ घेऊन आला तो त्याचा मुलगा, भगवान.

पुढे मिठागरं बंद पडली. खाचरांवर इमारती आल्या. जमिनीचे पैसे आले त्यातून भगवानला डोंबिवलीत फ्लॅट झाला, आणि तो बायको शेवंती नि मुलगी शालू यांना घेऊन तिकडे राहायला गेला. रंगाच्या कारखान्यात तो स्टोअरकीपर होता. इमारतीत सगळे शिकलेले, बँकेतले, विम्यातले. पहिल्याच दिवाळीत कुणीतरी विचारलं, “वडील काय करतात?” भगवानच्या तोंडून निघून गेलं, “बागायतदार आहेत.” एकदा निघालेल्या शब्दाला पाय फुटले. मग बागेत आंब्याची कलमं आली, विहीर आली, गडीमाणसं आली. आणि बागायतदाराला घरी बोलवायची मात्र भगवानला सोय उरली नाही.

शहाण्णव सालचा मे महिना. सोसायटीने शीळफाट्याच्या पुढे नव्याने निघालेल्या वॉटर पार्कची सहल ठरवली होती. आदल्या संध्याकाळी, कुणी न बोलावता, गोमाजी दारात उभा. हातात सुक्या बोंबलांची जुडी.

“आजा आला! आजा, उद्या आमची पिकनिक आहे, तूपण चल,” शालू त्याच्या गळ्यात पडली.

“कंची पिकनिक गो?”

“पाण्यात खेळायचं. लाटा असतात. खोट्या.”

“खोट्या लाटा?” गोमाजी पोट धरून हसला. “म्हंजे भिजायचा नय का?”

त्याला कुलूप लावून घरात ठेवता येत नव्हतं. सकाळी बसमध्ये एक जागा रिकामी होती. गोमाजी खिडकीशी बसला. गुडघ्यावर खोचलेला धोतराचा कासटा, अंगात बंडी, डोक्याला फडकं. शेजारी भगवान नव्या टी-शर्टात, पोटाशी पिशवी घट्ट धरून.

पुढच्या बाकावरून सोसायटीचे सेक्रेटरी चौबळ वळले. सज्जन गृहस्थ. “भगवानराव, पाहुणे कोण?”

भगवान म्हणाला, “गावाकडचे आहेत.”

“अस्सं. बागेवरचे का?”

भगवानने रुमाल काढला आणि खिडकीची काच पुसायला घेतली. काच स्वच्छ होती. चौबळांना वाटलं, हो म्हणाले. मागच्या बाकावर शेवंतीने नवऱ्याच्या मानेकडे नुसतं पाहिलं. आणि गोमाजी? तो बाहेर डोंगर बघत होता. त्याने ऐकलं की नाही, हे भगवानला कळेना. कळू नये असंच त्याला वाटत होतं.

पार्कमध्ये निळ्या, पिवळ्या घसरगुंड्या आकाशातून उतरत होत्या. आत शिरताच बाप्यांना पार्कच्या भाड्याच्या चड्ड्या घ्याव्या लागल्या, मागे मोठा नंबर छापलेल्या. भगवान लाल चड्डीत बाहेर आला तेव्हा गोमाजी म्हणाला, “पन्नास नंबरचा बैल दिसतोस रं!” चौबळांसकट सगळे खळखळून हसले. भगवानही हसला, पण त्याचे कान तापले. आपल्या घरचा ‘बागेवरचा माणूस’ आपल्याला अरेतुरे करतो, हे लोकांनी ऐकलं असेल काय, एवढंच त्याच्या डोक्यात.

“तुम्ही इथं सावलीत बसा. चपला सांभाळा,” तो म्हणाला. बापाला त्याने आजवर ‘तुम्ही’ म्हटलं नव्हतं. गोमाजीने एकवार वर पाहिलं आणि चपलांच्या ढिगाशी मांडी घालून बसला. समोर लाटांचा तलाव होता. तो त्याच्याकडे फार मन लावून बघू लागला. पाणी कुठून येतं, कुठे जातं, काठ किती उंच. चाळीस वर्षांची सवय डोळ्यांतून जात नाही.

अकराच्या सुमाराला भोंगा झाला. लाटा सोडायच्या आधी तिथे भोंगा वाजवत. तलावातली शेदोनशे माणसं एकदम ओरडली, पोरं किंचाळली, आणि पलीकडच्या भिंतीतून पाण्याची पाठ उचलली गेली. लाट आली. तलावाच्या अलीकडच्या काठाला, जादा पाणी वाहून जावं म्हणून, हातभर रुंदीची एक खाच ठेवलेली होती. त्या खाचेतून पाणी उसळून बाहेर पडलं.

गोमाजीने भोंगा ऐकला, किंकाळ्या ऐकल्या, काठाची खाच पाहिली. मध्ये विचाराला जागाच नव्हती.

“खांड परली! खांड परली रं! धावा!”

त्या आवाजाने तलाव दचकला. चपला उधळत म्हातारा धावत सुटला आणि खाचेत, पाण्याकडे पाठ करून, धपकन बसला. पाय पसरून त्याने दोन्ही अंगांना टाचा रोवल्या. लाट पाठीवर आदळली, फडकं वाहून गेलं.

“भगवान! माती आन! भगवान!”

भगवान दहा पावलांवर, गाड्याशी उभा होता. दोन्ही हातांत आइस्क्रीमचे कोन. ती हाळी त्याच्या हाडांना ओळखीची होती. पण डोळ्यांपुढे चौबळ होते, विम्यातले होते, बँकेतल्यांच्या बायका होत्या. त्याचे पाय जागचे हलले नाहीत.

धावली ती शेवंती. तीही खाडीकाठचीच, कळव्याकडची. कडेच्या गुलाबांच्या वाफ्यातली माती तिने ओंजळभर उपसली आणि ओल्या फरशीवरून अनवाणी निघाली. सासऱ्यापासून चार हातांवर पोचली तेव्हा तिला सभोवारचं हसू ऐकू आलं. ती थबकली, पण हातातली माती तिने टाकली नाही.

“अगं बाई, हे काय करतायत?”

“बूच बसवलंय म्हाताऱ्याने!”

“काका, अंघोळ झाली का?”

शिट्टी फुंकत रखवालदार आला. तोवर लाटा थांबल्या होत्या. पाणी आपोआप खाली गेलं. गोमाजीने बुडाखाली हात फिरवला. चिखल नव्हता, निळ्या फरशा होत्या. मग त्याला कळलं. त्याने समोरच्या गर्दीकडे पाहिलं आणि बसल्या जागी हात जोडले.

“चुकला माजा,” तो म्हणाला. “मना वाटला, गाव बुरतंय.”

“किसका आदमी है ये? कौन है इसके साथ?” रखवालदाराने आवाज चढवला.

चौबळ पुढे झाले. “भगवानराव, तुमच्याबरोबर आलेत ना हे?”

सगळ्यांच्या माना वळल्या. आइस्क्रीम भगवानच्या मनगटावरून कोपराकडे ओघळत होतं. एका शब्दाचं काम होतं. तो शब्द त्याच्या घशापर्यंत आला होता, देवाशपथ आला होता.

“गावचे आहेत,” भगवान म्हणाला.

शेवंतीच्या ओंजळीतून माती फरशीवर पडली.

गोमाजी हळूहळू उठला. कासटा पिळला. मुलाकडे त्याने पाहिलं नाही, रखवालदाराकडे पाहिलं, आणि अगदी साध्या आवाजात म्हणाला, “हाव साहेब. गावचाच हाय मी. यांचा कं दोष नय. मीच जातूं.”

असं त्याने मुलाचं खोटं स्वतःच्या अंगावर घेतलं. शिवी दिली असती तर भगवानला बरं वाटलं असतं. दगड मारला असता तरी चाललं असतं.

“आजा, कुठे चाललास? बाबा, आजाला थांबव ना!” शालू भगवानचा हात ओढू लागली. आजूबाजूच्या दोनचार जणांनी ‘आजा’ ऐकलं, भगवानकडे पाहिलं, आणि नजर दुसरीकडे वळवली. चौबळांनी चष्मा काढून पुसला. आता काही लपलेलं नव्हतं. लोकांना कळलं म्हणून मरावंसं वाटेल, अशी इतकी वर्षं भगवानला भीती होती. लोकांना कळलं, आणि त्याचं त्याला काहीच वाटेना. जे वाटत होतं ते वेगळंच होतं, आणि बापाला तोंड दाखवायला आता जागा नव्हती.

कोन टाकून तो फाटकाकडे धावला. फाटकावर रखवालदाराने हात आडवा घातला.

“चड्डी जमा करो पहले. बाहर नहीं ले जाने का.”

“ते माझे वडील आहेत,” भगवान म्हणाला.

रखवालदाराने पानाची पिचकारी टाकली. “तो मैं क्या करूँ? चड्डी जमा करो, फिर जाओ.”

कपडे ठेवलेल्या खिडकीपाशी चाळीस माणसांची रांग होती. रखवालदाराचा हात काडीसारखा होता, ढकलला असता तर बाजूला झाला असता. भगवानने त्या हाताकडे पाहिलं, आपल्या चड्डीवरच्या नंबराचा विचार केला, आणि तो फाटकाच्या आतच उभा राहिला.

“बा!” त्याने हाक मारली. त्याच वेळी शीळफाट्याकडून वाळूचे तीन ट्रक लागोपाठ गेले.

धूळ खाली बसली तेव्हा गोमाजी मुंब्र्याच्या रस्त्याला लागला होता. डोकं उघडं, धोतर पायांना चिकटलेलं. उन्हाने डांबर मऊ झालं होतं म्हणून तो कडेच्या मातीतून चालत होता, घाई न करता. फाटकाच्या गजांना धरून भगवान बघत राहिला. मागून शेवंती आली. ती त्याच्याजवळ उभी राहिली नाही. दोन गज सोडून, मातीने माखलेले हात तसेच ठेवून, तीही बघत राहिली, म्हातारा वळणाआड दिसेनासा होईपर्यंत.